गिरणीच्या मागे

पूर्वी पाहुणा येणार हे कावळा सांगायचा. पत्र्यावर बसून ओरडला की आई मूठभर तांदूळ जास्त टाकायची. कावळ्याने कधी पासपोर्ट नंबर मागितला नाही.

आता ते खातं सरकारांनी घेतलंय. सिंगापूर, मलेशिया आणि १ मे २०२५ पासून थायलंडही. विमान उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरून मोकळं व्हायचं. लवकर भरायची हौस चालत नाही.

मेहुणे बँकॉकला निघाले म्हणून खडवली स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे बसलो. गुगलवर सगळ्यात वर आलेल्या साइटने नावाआधी डॉलर मागितले. पोरगं म्हणालं, "काका, ही दलालाची. शेवटी 'गो डॉट टीएच' असेल तीच खरी, ती फुकट." त्याने स्वतःचे पन्नास घेतले ते वेगळे.

मग प्रश्न. राहणार कुठे? प्रांत, जिल्हा, उपजिल्हा. खडवली कुठे आलं, तर 'टिटवाळ्याच्या पुढे' एवढंच आयुष्यभर सांगत आलेल्या माणसाने बँकॉकचा उपजिल्हा सांगायचा! गेल्या दोन आठवड्यांत कुठल्या देशांत जाऊन आलात? मेहुणे गंभीरपणे म्हणाले, "वासिंदला गेलो होतो. लिहू?"

घरी परतणाऱ्या भारतीयाला मात्र आपल्याकडे हा जाच उरलेला नाही. देशाबाहेर जातानाचं कार्डही १ जुलै २०१७ पासून गेलं. नाहीतर एकच पेन सगळ्या रांगेत फिरायचं आणि शेवटी कुणाच्या तरी खिशात राहायचं. मध्ये कोविडात 'एअर सुविधा' नावाच्या अर्जाची असुविधा होती, तीही पुढे आटोपली.

पण परदेशी पाहुण्यांसाठी आपणही १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड काढलंय. कावळा आता आपल्याही पत्र्यावर.

आमची भाचेसून कॅनडाची, व्हिसावर येते. 'भारतातला पत्ता?' असा तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला. मी कळवलं : नदीकडे जाणारा रस्ता, पिठाच्या गिरणीच्या मागे. तिने इमानदारीत 'बिहाइंड फ्लोअर मिल' लिहिलं आणि अर्ज मंजूर! दिल्लीला आमची गिरणी कळली, याचा मला दोन दिवस अभिमान होता.

ती आली त्या रात्री साडेअकराला खडवली फाट्यावरून टॅक्सीवाल्याचा फोन. "काका, गिरणी कुठली? इथे तर सगळं बंद आहे."

टॉर्च घेऊन मीच निघालो.