कायमचे भावी

पुणे शहरात विधानसभेचे मतदारसंघ आठ आणि आमदारही आठच. भावी आमदार मात्र किती, याची मोजदाद ना निवडणूक आयोगाकडे आहे, ना महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडे. खरं तर आकाशचिन्ह विभागाला ती असायला हवी, कारण ही मंडळी जन्मतातच मुळी फ्लेक्सवर. पण परवानगी काढून फ्लेक्स लावणारा भावी आमच्या भागात तरी अजून कुणी पाहिलेला नाही.

आमचे भाऊ या वर्गातले ज्येष्ठ. मागे कधीतरी एकदा नगरसेवक होते, म्हणजे माजी आहेत. आमदारकीचे तर कायमचे भावी आहेत. नाहीत ते फक्त आजी. त्यांची ही दुसरी कारकीर्द सुरू झाली २००९ साली. मतदारसंघांची फेररचना झाली, तोवर राखीव असलेली पर्वती खुली झाली, आणि सरकारने एवढा खटाटोप आपल्यासाठीच केला अशी भाऊंची खात्री पटली. वाडा शुक्रवारात आणि फ्लॅट सहकारनगरात, त्यामुळे ते कसब्यातही भावी आणि पर्वतीतही भावी. कोथरूडचा विचारही अधूनमधून डोकावतो. २०१९ साली कोल्हापूरचे चंद्रकांतदादा तिथे उभे राहिले तेव्हा ‘दूरचा नको, घरचा पाहिजे’ असे फलक लागले होते आणि तरीही दादा निवडून आले. यावरून सहकारनगर ते कोथरूड हे अंतर राजकारणात फार नाही, असं भाऊंचं गणित.

राजकारणाचा अभ्यास म्हणाल तर भाऊंकडे दोन पोथ्या आहेत. पहिली गिरीश बापटांची. टेल्कोतली नोकरी, १९८३ साली नगरसेवक, अण्णा जोशी खासदार झाल्यावरच्या कसब्यातल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून पराभव, आणि मग १९९५ पासून सलग पाच वेळा आमदार. “बापटांनासुद्धा पहिल्यांदा पडावंच लागलं,” हे वाक्य भाऊ असं म्हणतात की पडणं हीच पात्रता वाटावी. वास्तविक भाऊ विधानसभेला कधी पडलेलेही नाहीत. पडायला आधी उभं राहावं लागतं. दुसरी पोथी रवींद्र धंगेकरांची. शिवसेना, मग मनसे, २००९ आणि २०१४ला बापटांकडून हार, मग काँग्रेस, आणि २०२३च्या पोटनिवडणुकीत कसब्याचा गड सर. “हू इज धंगेकर?” या प्रश्नाचं उत्तर तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला मिळालं. पोथीचे पुढचे अध्याय, म्हणजे नोव्हेंबर २०२४चा पराभव आणि २०२५चा शिंदेंच्या शिवसेनेतला प्रवेश, भाऊ जरा भरभर वाचतात. पक्षात थांबायचं असलं की ते बापटांची पोथी उघडतात, पक्षावर रुसायचं असलं की धंगेकरांची.

ज्येष्ठ नागरिक संघातले एक आजोबा मुद्दाम तिसरी पोथी काढतात, रामभाऊ म्हाळगींची. म्हाळगी दरवर्षी मतदारांना आपल्या कामाचा छापील अहवाल देत. भाऊंनी तेही मनावर घेतलं. सोळा पानी गुळगुळीत अहवाल निघाला. त्यातल्या चौदा पानांवर फोटो, पंधराव्यावर ‘शुभेच्छुक’ आणि सोळाव्यावर वहिनींचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. आजोबांनी सोळाव्या पानाचं कौतुक केलं.

भाऊंचा दिनक्रम आमदारापेक्षा कठीण आहे, हे मात्र मान्य करायला हवं. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, भाऊंना फोन असतो. ड्रेनेज तुंबलं, पाण्याला दाब नाही, झाडाची फांदी वायरवर आली, कुणाच्या नातवाला शाळेत प्रवेश हवा, की लोक आमदाराच्या कार्यालयात अर्ज देतात आणि भाऊंना फोन करतात. अर्जाला पोच मिळते. फोननंतर तासाभरात भाऊ चेंबरच्या कडेला उभे असतात, कनिष्ठ अभियंत्याशी ‘साहेब, साहेब’ करत, एका हाताने नाकाला रुमाल आणि दुसऱ्याने फोटो काढणाऱ्या पोराला खुणा. झाकण उघडतं तो क्षण फोटोत यायला हवा, कारण मैला निघून गेल्यावरचं गटार कोणत्याही गटारासारखंच दिसतं. मोबदल्यात भाऊ मागतात काय? तर रस्त्यात भेटल्यावर कुणीतरी “काय आमदार!” म्हणावं. पुण्यात हे कुणीही फुकट म्हणतं.

भाऊंचं खरं सामर्थ्य दहाव्याला दिसतं. सकाळी आठाला ओंकारेश्वराच्या घाटावर पांढऱ्या कडक शर्टात ते हजर. हातात माइक नसला तरी आवाज माइकचा. एकदा एका तात्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. सुनेने सांगितलं, घर मोडणार नाही. कावळे झाडावर ढिम्म. भाऊंना अजून दोन घाट गाठायचे होते. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की तात्या जन्मभर गल्लीतल्या ड्रेनेजच्या लाइनसाठी भांडत होते. सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पुढे झाले, हात जोडून म्हणाले, “तात्या, लाइनचं काम मी करून देतो.” कावळा हलला नाही. “आचारसंहिता संपली की लगेच,” भाऊंनी जोड दिली. एक कावळा उडून पलीकडच्या फांदीवर गेला. मागून एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, “भाऊ, टेंडर निघालंय म्हणा.” भाऊंनी म्हटलं आणि कावळा शिवला. हे टेंडर कुठे निघालं, कधी निघालं, हे पुढे फक्त कावळ्यालाच माहीत.

भाऊंच्या आयुष्यात वहिनींनंतरचं महत्त्वाचं माणूस म्हणजे अप्पा बळवंत चौकामागचा फ्लेक्सवाला. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा नुसता मुंडक्यापुरता गोलात आणि कुणाचा कमरेपर्यंत, हे शास्त्र त्याला पक्षाच्या सरचिटणीसापेक्षा जास्त कळतं. त्याच्या वहीत भाऊंच्या नावे उधारीचं स्वतंत्र पान आहे. २ जुलै २०२३ला अजितदादांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापून तयार होते, वाढदिवस होता पाच तारखेला, आणि त्याच दिवशी मुंबईत शरद पवारसाहेबांची एक बैठक आणि दादांची दुसरी. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवसाला शहराबाहेर गेले. फ्लेक्स लागले, पण त्यांवर नेते नव्हतेच. होते फक्त भाऊ आणि गणपती. गणपतीला गट नसतो. पंधरा दिवसांनी, आपल्या भागातला निधी कुणाकडून येईल याचा हिशेब पूर्ण झाल्यावर, दादा वर आले.

मग आली २०२४ची विधानसभा. एवढी वर्षं भाऊ ‘पक्षाने संधी दिली तर’ म्हणत होते. पक्षाने मुलाखतींना बोलावलं, भाऊ दोन बस भरून माणसं घेऊन गेले, आणि पर्वतीची जागा मित्रपक्षाकडेच राहिली. माधुरीताई मिसाळ तिथून २००९ पासून निवडून येत होत्या, त्यामुळे हे तसं सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अन्याय होणं वेगळं. “कार्यकर्त्यांचा आग्रह मोडवत नाही,” असं म्हणत शेवटच्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला भाऊंनी अपक्ष अर्ज भरला. दहा हजारांची अनामत त्यांनी चिल्लरीत आणायची ठरवली होती. ती मोजायला वेळ लागेल म्हणून वहिनींनी नोटा दिल्या.

माघारीची मुदत ४ नोव्हेंबरची. मधली दिवाळी भाऊंनी आयुष्यातली सर्वांत सुखाची काढली. रोज एक नेता घरी. लक्ष्मीपूजनाला जिल्हाध्यक्ष, पाडव्याला एक माजी मंत्री, भाऊबीजेला थेट मुंबईहून फोन. प्रत्येकाने फराळ केला, प्रत्येकाने महामंडळ देऊ केलं. एकाने तर राज्यपालनियुक्त बारांत नाव घालतो म्हटलं. २०२० साली राज्यपालांकडे गेलेली बारा नावांची यादी पुढे तशीच पडून राहिली, हे भाऊंना ठाऊक होतं. पण रखडलेल्या यादीतलं नावसुद्धा फ्लेक्सवर घालता येतं. चार तारखेला भाऊंनी अर्ज मागे घेतला, ‘व्यापक हितासाठी’. हित नक्की कुणाचं, हे वार्ताहरांनी विचारलं नाही.

या सगळ्यात फसलं ते उटणं. दिवाळीला घरोघर उटण्याची पाकिटं वाटायचा भाऊंचा नेम. पाकिटावर एका बाजूला अभ्यंगस्नानाच्या शुभेच्छा आणि दुसऱ्या बाजूला हसरे भाऊ, त्यामुळे नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या भागातल्या निम्म्या न्हाणीघरांत भाऊ ओलेते पडलेले असत. त्या वर्षी १५ ऑक्टोबरलाच आचारसंहिता लागली आणि हजारो भाऊ पोत्यांत बांधून गॅरेजमध्ये गेले. गाडी वर्षभर रस्त्यावर उभी राहिली.

२०२५च्या दिवाळीला वहिनींनी पोती सोडली. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. प्रशासक येऊन साडेतीन वर्षं झालेली, सारे नगरसेवक माजी झालेले. प्रभागात चार जागा आणि निम्म्या महिलांना, तेव्हा सोडतीची वाट न बघता भाऊंनी वहिनींचं नाव पुढे केलं. स्वतः उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं, महापालिका त्यांच्या मानाने आता लहान होती. वहिनींनी एक हिशेबी काम केलं. नवी पाकिटं न छापता स्वतःच्या फोटोचे स्टिकर आणले आणि बचत गटाच्या बायका बसवून जुन्या पाकिटांवरच्या भाऊंच्या चेहऱ्यावर नेमके चिकटवले. उटण्याला वास थोडा कमी होता, पण घराघरांत वहिनी स्वतः गेल्या, आणि दर घरी ड्रेनेजबद्दल वहीत लिहून घेतलं.

जानेवारीत वहिनी निवडून आल्या. भाऊ गुलालात न्हाले, ढोल-ताशांपुढे नाचले, “हा विजय माझ्या कार्यकर्त्यांचा,” असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात वहिनींनी कनिष्ठ अभियंत्याला घरी न बोलावता क्षेत्रीय कार्यालयात जाऊन गाठलं आणि तात्यांच्या गल्लीतल्या लाइनची फाइल काढायला लावली. फोटो काढायला कुणी नव्हतं.

त्यानंतर चौकात अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर वहिनी कमरेपर्यंत, भाऊ कोपऱ्यात गोलात, आणि वहिनींच्या फोटोखाली ठळक अक्षरांत ‘भावी आमदार’. भाऊंनी चौकातूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. नाव चुकून भलत्या फोटोखाली गेलंय, रात्रीत बदलून दे, म्हणाले.

“चुकून नाही भाऊ,” तो म्हणाला. “वहिनी स्वतः येऊन मजकूर देऊन गेल्या. पैसेही रोख दिले.”