दोन कार्डांचा संसार

वरच्या मजल्यावरून रात्री साडेअकराला भांडणाचा आवाज आला तर आमच्या घरात कोणी कान टवकारत नाही. बायको कूस बदलते आणि झोपेतच विचारते, "कोणतं पुस्तक?"

समोरच्या ब्लॉकमध्ये नवीन राहायला आलेल्या जोडप्याला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दोघं घाबरून आमच्या दारात उभी. वरून बाईमाणसाचा आवाज येत होता, "असल्या माणसाबरोबर मी एक दिवस काढला नसता!" मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की हे 'रणांगण'मधल्या चक्रधरबद्दल चाललंय. कादंबरी १९३९ची आहे, आता कोणाला काही करता येण्यासारखं नाही.

त्यांना धीर दिला खरा, पण प्रकरण तितकंसं साधं नव्हतं. विश्राम बेडेकरांचा चक्रधर युरोपातून मुंबईला येणाऱ्या बोटीवर आहे. समोर हेर्टासारखी मुलगी आहे, आणि गड्याचा काही निर्णय होत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते या माणसाचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं, गोत्र एक. १९८७ साली ठाण्यात स्टेशनपासून दहा मिनिटांवर फ्लॅट मिळत होता, तेव्हा काका "बघू" म्हणाले होते. ते अजून बघतायत. काकूंना समीक्षक म्हणून हेच एक दूषण पुरतं. पुस्तकातला कोणताही नायक फार विचार करू लागला की त्या पान मिटून म्हणतात, "हा पण डोंबिवलीतच राहणार."

डोंबिवलीत राहण्याबद्दल खरं तर दोघांची तक्रार नाही. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ज्या गावात राहिले तिथे आपण राहतो, हे काका पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन इथेच भरलं तेव्हा तर घरचं कार्य असल्यासारखी दोघं तिन्ही दिवस हजर होती. काका ग्रंथप्रदर्शनात सवलतीच्या टक्क्यांवरून पुस्तक निवडत, काकू कोणतंही पान उघडून चार ओळी वाचून. येताना पिशवी एक, पण आत पुस्तकांचे दोन तट. मधे फूट पडू नये म्हणून की काय, काकूंनी घेतलेला पापडांचा पुडा.

काका रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस पुस्तक वाचत नाही, तपासतो. मी समोर बसून हे पाहिलेलं आहे. पुस्तक हातात आलं की आधी तळव्यावर धरून वजनाचा अंदाज. मग आवृत्ती कितवी. मग किमतीला पानांनी भागायचं, तेही तोंडी. "पानाला रुपया चाळीस पैसे. बरं आहे." त्यानंतर अर्पणपत्रिका, मुद्रकाचा पत्ता, आणि तिथून थेट शेवटचं पान. जमाखर्चात अखेरची शिल्लक आधी पाहायची आणि मग मागे यायचं, ही त्यांची जुनी सवय. शेवट कळला की चष्मा पुसून पान एकवर येतात. हातात पेन्सिल, पण पुस्तकात खूण करत नाहीत, वाचनालयाची मालमत्ता! वेगळ्या कागदावर टिपण असतं : 'पान ११२, धाकटी बहीण थोरली झाली आहे.' 'पान १४०, अमावास्येला चांदणं.' डायरीत पुस्तक सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि पुढे शेरा. 'ठीक', 'बरे' आणि 'लांबवले आहे' या तीन शेऱ्यांत त्यांनी अख्खं मराठी साहित्य बसवलंय. 'ययाति'पुढे मात्र जास्तीचं वाक्य आहे. बापानं तारुण्य मागितलं आणि मुलानं दिलं, हे खांडेकरांनी कशाच्या आधारावर लिहिलं, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांचा मुलगा त्यांना फोनचा चार्जरसुद्धा देत नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण मधे तोंड घालायचं नाही, हा नियम त्यांनी नोकरीभर पाळला. त्याची सगळी भरपाई आता पुस्तकांत चालते. प्रत्येक पात्राला त्यांचा सल्ला असतो. देवयानीला त्या "बाई गं, थोडं दमानं घे" म्हणतात, शर्मिष्ठेला "तूच गप्प बसू नकोस" म्हणतात, आणि दोघींची बाजू ऐकून घेतल्याशिवाय ययातीला बोलू देत नाहीत. त्या डायरीबियरी ठेवत नाहीत. वाचलेलं पुस्तक भाजीवालीला, कामवाल्या मावशींना, लिफ्टमध्ये सापडलेल्या कुणालाही सांगतात. आणि सांगताना शेवट पटला नसेल तर दुरुस्त करतात. मी बिचारा दोन-तीन कादंबऱ्या अशा ऐकून होतो. त्यातली एक पुढे स्वतः वाचली, तर शेवटी नायिका एकटी राहिलेली! मी तक्रार घेऊन वर गेलो. काकू म्हणाल्या, "मग काय तर! एवढं सोसल्यावर तिला तसंच सोडायचं होय? मी तिला पुण्याला नोकरी लावून दिली."

१९९० साली 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा आम्ही या बिल्डिंगमध्ये नव्हतो, पण त्याची कथा इथल्या जुन्या रहिवाशांकडून ऐकली आहे. सुनीताबाईंचं ते पुस्तक काकूंनी दोन दिवसांत संपवलं आणि काहीही न बोलता टीव्हीवर ठेवलं. काका ते वाचायच्या आधीच महिनाभर स्वतःचा कप विसळत होते. नंतर परिणाम ओसरला. तसंच लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्याचे चारही भाग काकूंनी किती वेळा वाचलेत याची गणती नाही, आणि काका कोथिंबीर आणायला जाऊन दोन तासांनी उगवले की दार उघडताना त्या आत वळून जाहीर करतात, "टिळक आले." काका एकदा चिडून म्हणाले, "अगं, पण त्या बाईनं नवऱ्याबद्दल किती मायेनं लिहिलंय! तू लिहिशील?" काकू म्हणाल्या, "लिहीन की. आधी तुम्ही 'फुला-मुलांचे कवी' व्हा."

मधे एकदा काकांनी कुठेतरी उमा आणि विरूपाक्ष कुलकर्णींबद्दल वाचलं. विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. भैरप्पा मराठी घराघरांत पोचले ते असे. काका भारावले. पुल आणि सुनीताबाई बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कवितांचं वाचन करायचे, त्याचीही आठवण निघाली, आणि रात्री जेवणानंतर मी वाचतो, तू ऐक, असं ठरलं. काका वाचायला लागले. पान क्रमांकासकट. दुसऱ्या पानावर काकू झोपल्या. "झोप चांगली लागली हो," एवढा अभिप्राय सकाळी मिळाला आणि तो उपक्रम तिथेच मिटला.

पण खरी मजा आली ती या पावसाळ्यात.

वाचनालयात दोघांची दोन कार्डं आहेत, एका कार्डावर एक पुस्तक. लग्नात दोघांनी एकमेकांना बऱ्याच गोष्टी दिल्या असतील, कार्ड मात्र दिलेलं नाही. काकूंचं माहेर खेडच्या बाजूचं, म्हणून त्यांनी श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' पुन्हा वाचायला काढलं. जगबुडीच्या काठचं गाव, खोतांच्या चार पिढ्या आणि दोन जाडजूड खंड. पहिला खंड काकूंच्या कार्डावर गेला. शेल्फवर उरला दुसरा. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "काका, पहिला परत आला की फोन करते." पण कार्ड रिकामं ठेवायचं म्हणजे वर्गणी वाया! काकांनी दुसरा खंड उचलला.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी हे पुस्तक पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेलं, त्यामुळे आठवण अशी की तुळशीवृंदावन आठवतंय, पण माणूस कुठला कोणाचा हे नाही. काकूंना सगळ्यांचे जन्म माहीत, काकांना सगळ्यांचे मृत्यू. डायनिंग टेबलावर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलेलं. काकू वरून मूळ पुरुषापासून वंशावळ काढत खाली येतायत, काका खालून वारसांपासून वर चढतायत. दोन्ही पथकं मध्यावर भेटली तेव्हा एक माणूस काकूंकडे जास्त निघाला आणि काकांकडे एक कमी.

"तुमचा कुठेतरी राहिलाय."

"माझ्याकडे राहत नाही. तुझ्याकडे दोनदा जन्मला असेल."

"अहो, आमच्याकडची माणसं आहेत ती. मला माहीत नसेल?"

"तुमच्याकडची आहेत म्हणूनच मेळ लागत नाहीये."

मला पंच म्हणून बोलावलं. मी दोन्ही बाजू ऐकल्या, आंबोळी खाल्ली आणि निकाल राखून ठेवून खाली आलो.

मग खंडांची अदलाबदल झाली. काकूंनी दुसरा घेतला, काकांनी पहिला. दोन दिवस वरून आवाज नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो तर काका खिडकीपाशी, पुस्तक मांडीवर उघडं, हातातली पेन्सिल तशीच. मला पाहून म्हणाले, "आज याचं बारसं झालं हो."

"कोणाचं?"

"या पोराचं." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "सगळं घर आनंदात आहे. आणि मला याचं पुढचं सगळं ठाऊक आहे." जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शेवटचं पान आधी वाचणं वेगळं. हा अख्खा खंडच आधी वाचला ना मी."

परतीची तारीख उलटून गेली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी दिवसाला रुपयाप्रमाणे विलंबशुल्क भरलं, आणि पावतीही मागितली नाही. डायरी मी चोरून पाहिली. तारखा होत्या, शेऱ्याची जागा कोरी.

त्याच सुमारास एका रात्री मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो. काकू दुसऱ्या खंडाच्या मध्यावर पोचल्या होत्या. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "अहो, याचं काही वाईट नाही ना होत? तसं वाटायला लागलंय. आधीच सांगा, म्हणजे मी रात्री वाचणार नाही."

शेवट सांगण्याची अशी उघड विनंती काकांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "छे गं. मजेत असतो तो शेवटपर्यंत. नोकरीसुद्धा लागते. पुण्याला."

"पुण्याला?" काकू खूश होऊन पुन्हा वाचायला लागल्या.

मी खाली येऊन बायकोला सांगितलं, आता दोन दिवस दिवा लवकर घालवून झोपून घे. तिनं ऐकलं नाही. परवा रात्री पावणेबाराला छतावर पावलं वाजली, खुर्ची सरकली आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा काकूंचा आवाज आला :

"अहो! उठा आधी! पुण्याला काय म्हणालात मला?"