सहाशेचाळीस किलोबाइटांची खोती

ज्यांची खोती १९४९ च्या कायद्याने गेली त्यांच्या नातवंडांनी आपला अहंकार नेमका कोठे ठेवावा, याची तजवीज त्या कायद्यात केलेली नव्हती. कोणी तो हापूसच्या कलमांवर ठेवला, कोणी देवस्थानच्या पालखीतील मानपानावर ठेवला. मी मात्र रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या आमच्या घरात एका जुनाट एक्सटी संगणकावर तो ठेवला असून, त्या संगणकाची मेमरी २५६ किलोबाइटांवरून ६४० वर गेल्यापासून माझ्या चालण्यात जो एक प्रकारचा डौल आलेला आहे, तो आमच्या मंडळींच्या मते कंबरेतील वाताचा परिणाम होय.

संगणक मूळचा थोरल्या भावाचा. वसाहतीत दादांचे सुटे भाग घडविण्याचे लहानसे वर्कशॉप होते आणि त्याच्या जमाखर्चासाठी त्यांनी हे यंत्र विकत घेतले. आयबीएमने १९८३ च्या मार्चमध्ये बाजारात आणलेल्या एक्सटीची ती देशी नक्कल होती. ८०८८ प्रोसेसर आणि ४.७७ मेगाहर्ट्झ ही चाल. पुढे दादांनी त्यात जिस्ट कार्डही बसवून घेतले. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेली आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलेली ही विद्या अशी, की इंग्रजीशिवाय दुसरे काही न जाणणाऱ्या डॉसच्या पडद्यावर ती देवनागरी अक्षरे उमटवून दाखवी. दादा वारले, वर्कशॉप विकले गेले, आणि पुतण्यांनी भंगारात काढलेले यंत्र व त्यासोबतचा फ्लॉपींचा एक पत्र्याचा डबा माझ्या स्वाधीन झाला. त्यातले मूळचे वाढीव मेमरीचे कार्ड खाऱ्या हवेने खाऊन टाकले होते. तांब्याच्या रेषा हिरव्या पडून जागोजाग तुटल्या होत्या. उरलेल्या २५६ किलोबाइटांत डॉस आणि देवनागरीचा सरंजाम बसला, की दादांच्या कामाचा प्रोग्राम जागा अपुरी असल्याचा इंग्रजी निरोप पाठवून माघारी फिरे.

दादांच्या फ्लॉपी वाचता याव्यात म्हणून मेमरी वाढविणे अगत्याचे आहे, असे मी घरात जाहीर केले. ते खोटे नव्हते. परंतु ६४० हा आकडा त्या काळी दादांच्या यंत्रावर दिसे आणि माझ्या ताब्यात आल्यावर तो २५६ वर घसरला, हा माझ्या कारकिर्दीला लागलेला बट्टा होता, आणि माझी झोप उडविली होती ती या बट्ट्याने.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे सरकारदप्तरी ज्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर मला एएसटी कंपनीचे सिक्सपॅकप्लस कार्ड मिळाले. नावातील ‘सिक्स’ त्याच्या बहुविध कामांची ग्वाही देते: मेमरी, घड्याळ, सिरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट वगैरे. माझे लक्ष फक्त मेमरीवर होते, हे पुढे मला सोयीचे जाणार नव्हते. कार्डाच्या खालच्या काठाला दोन्ही अंगांनी एकतीस-एकतीस अशा बासष्ट सोनेरी पट्ट्या असतात. त्या शाळकरी पोरांच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, पॉलिश पेपर कदापि लावू नये, कारण त्या सोन्याची जाडी आमच्या उरल्यासुरल्या खोतीइतकीच असते. स्थितिक विजेने चिपा जळण्याचे भय ग्रंथांतून वारंवार घातलेले असते. परंतु आषाढातल्या कोकणात ते फारसे उरत नाही, आणि इथल्या दमट हवेने संगणकावर केलेला एवढाच एक उपकार माझ्या पाहण्यात आहे.

कार्डावर चौपन्न चिपा बसवायच्या असतात. प्रत्येकीला सोळा पाय, आणि त्यातला एखादा पाय साच्याच्या भोकात न जाता मुकाट्याने पोटाखाली दुमडून बसतो, तेव्हा वरून पाहणाऱ्यास सारे काही यथास्थित दिसते. नंतर कार्डावरचे नखाएवढे खटके सरकवून त्यास बजावायचे, की पहिल्या २५६ किलोबाइटांवर मूळ बोर्डाचा कब्जा आहे, तुझा अंमल तेथून पुढे.

‘कब्जा’ आणि ‘अंमल’ हे शब्द लेखणीतून उतरले की माझा स्वतःवर ताबा राहात नाही, तेव्हा वाचकांनी येथे थोडी कळ सोसावी. माझे म्हणणे असे, की एक्सटीच्या मेमरीची व्यवस्था ही हुबेहूब रत्नागिरी जिल्ह्यातील खोती होय. ८०८८ ला पत्ता सांगण्याच्या तारा वीस. त्यामुळे पुरा मौजा दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर बाइटांचा, त्याबाहेर त्याला जगच ठाऊक नाही. पैकी वरची ३८४ किलोबाइट जमीन राखीव. तीत पडदा रंगविणाऱ्या कार्डाचे इनाम, निरनिराळ्या कार्डांच्या रॉमचे इनाम, आणि अगदी शेंड्यावर बायोसचा चौसोपी वाडा. ही झाली खोती खासगी. खालची ६४० ती खोती निसबत, म्हणजे कुळांनी कसायची. तीतही डॉस आधीच येऊन बांधाशी बसलेला असतो आणि उरलेल्यात प्रोग्रामांनी आपापले पीक काढायचे. राखीव भागातला कितीतरी टापू पडीत असतो, परंतु कुळाला तो मागण्याची सोय नाही. पुढे १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन बड्या असाम्यांनी मिळून तोड काढली: खोताच्या पडीत जमिनीत ६४ किलोबाइटांचा एक चौकोन आखावा, आणि मौज्याबाहेरच्या कुळांनी सोळा-सोळा किलोबाइटांच्या तुकड्यांनी पाळीपाळीने त्यात येऊन हजेरी लावावी. जमीन कुळाच्या नावे झाली नाही, वहिवाट तेवढी झाली. आमच्या आजोबांनी ही तडजोड विनातक्रार मान्य केली असती.

आणि नववी चिप! या चिपा नऊनऊच्या रांगांनी बसतात. प्रत्येक बाइटाचे आठ बिट पहिल्या आठ चिपा वाहतात. नववी स्वतः काहीच वाहात नाही, ती केवळ आठांची बेरीज सम की विषम याची नोंद ठेवते. या नोंदीला पॅरिटी म्हणतात. वाचतेवेळी नोंद जुळली नाही, तर कोणाचे चुकले, किती चुकले, याची चौकशी न करता ती सबंध कचेरी बंद करविते. एक्सटीच्या घराण्यात पडद्यावर ‘पॅरिटी चेक २’ एवढीच अक्षरे येतात आणि यंत्र जागच्या जागी थिजते. त्यातील दोनचा अर्थ, दोष मूळ बोर्डावर नसून वाढीव कार्डावर आहे. म्हणजे आठांनी राबावे, नवव्याने शेरा मारावा, आणि मानमरातब नवव्याचा. आमच्या घराण्याचे आसन या रांगेत कोणते, हे मला त्या वेळी अभिमानाने ठाऊक होते.

तर ‘पॅरिटी चेक २’ आले. शेजारच्या शेडमध्ये काम करणारा, डिप्लोमा झालेला धाकटा पुतण्या भिंग घेऊन बसला, आणि त्याने एका चिपेचा दुमडलेला पाय चिमट्याने सरळ करून दिला. “काका,” तो म्हणाला, “माझ्या मोबाइलमध्ये आठ जीबी रॅम आहे. तुमच्या सहाशेचाळीसच्या तेरा हजार पट. तुम्ही काढलेला आंब्याचा एक फोटोसुद्धा यात मावायचा नाही.” मी त्यास सांगितले, की फोटो मावणे हे मोठेपणाचे लक्षण नव्हे. मग यंत्र चालू झाले आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढू लागला. मेमरी वाढली की यंत्र चपळ होते, असा एक लोकभ्रम आहे; एक्सटीच्या बाबतीत तसे घडत नाही. सुरू होतेवेळी ते प्रत्येक किलोबाइट तपासून मोजते, त्यामुळे जितकी मेमरी अधिक तितका खोळंबा अधिक. या खोळंब्यात मी पाहुण्यांना मुद्दाम खुर्चीवर बसवतो. आकडा ६४० वर पोहोचून थांबला की ते “मग आता पुढे काय होतं?” असे विचारतात, आणि मी चहा मागवतो.

पुढे काय होते ते मात्र मी बरेच दिवस लांबणीवर टाकले होते. डब्यातील फ्लॉपी सव्वापाच इंची, ३६० किलोबाइटांच्या. त्यांतील एकीवर दादांच्या हस्ताक्षरात ‘शेतांची नावे’ असे लिहिलेले होते. आमचे मूळ गाव येथून दूर, खाडीच्या पल्याड. निवृत्तीनंतर दादा तेथे जाऊन जुन्या कुळांच्या घरोघर बसत, हे आम्हांला माहीत होते. ते तेथे काय करीत, हे आम्ही कधी विचारले नाही. प्रोग्राम यावेळी विनातक्रार उघडला आणि हिरव्या पडद्यावर रकाने आले: शेताचे नाव, कसणाऱ्याचे नाव, बियाणे, शेरा. उंडलीखालचे खाचर. म्हातारीचा चोंढा. दोन बांधांमधली आडवण. कोठे मुणगा, कोठे पटणी. आजोबांच्या दप्तरात याच जमिनी होत्या, पण तेथे मण आणि पायल्यांचे आकडे होते, कसणाऱ्याचे नाव असलेच तर थकबाकीसाठी. आज त्यांच्या सातबाऱ्यावर सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर आहे. बहुतेक जमिनी मुंबईच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या असून, जेसीबीने बांध सपाट केल्यावर म्हातारीचा चोंढा कोठे संपत होता हे सांगणारा माणूस गावात उरलेला नाही. मला राग येतो तो जेसीबीचा नव्हे, त्याचे ते कामच आहे. राग याचा येतो, की दादा हयात असताना ही नावे मी त्यांच्या तोंडून ऐकू शकलो असतो आणि तेव्हा मी गावजेवणात आपले पान पहिल्या पंक्तीत मांडले जाते की नाही, याच्या फिकिरीत होतो.

यादीच्या अखेरीस आमच्या घराण्याची नोंद होती. नाव होते, बियाण्याचा रकाना कोरा होता, आणि शेऱ्यात दादांनी टंकिले होते: ‘यांनी कधी नांगर धरला नाही. खोतीचा कायदा १९४९. बिल डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मांडले होते. बारा वर्षे उशीर.’ जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाची ही भाषा. विशेषण नाही, बेरीज मात्र चोख. नवव्या चिपेविषयीचे माझे सारे वक्तृत्व तेथेच आटोपले.

ती यादी यंत्राबाहेर आली कशी, हेही सांगितले पाहिजे. ज्या ६४० च्या आकड्यासाठी मी लॅमिंग्टन रोडचे जिने झिजविले, त्याने फाइल फक्त उघडून दिली. नव्या संगणकात ती नेली त्याच कार्डावरच्या सिरियल पोर्टाने, ज्याकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. तारेतून सेकंदाला हजाराच्या आतबाहेर अक्षरे जातात आणि तेवढी पुरतात. जिस्टचा मजकूर इस्की या ठरीव मानकात असतो, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळे पुतण्याने तो चहा निवायच्या आत रूपांतरित केला. सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते. त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टंकलेले मराठी आज उघडले तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि तो सोडवायला त्या-त्या फॉन्टाचा जाणकार गाठावा लागतो.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर १९८५ ते २००० च्या सुमाराच्या फ्लॉपी आहेत, मग त्या संस्थेच्या अहवालाच्या असोत, वडिलांच्या कवितांच्या असोत की वाडीच्या वर्गणीच्या, त्यांस माझी विनंती आहे. त्या खाली उतरवा. पाकिटाच्या उघड्या खिडकीतून तबकडीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ती स्वतः जाईल आणि ड्राइव्हचे हेडही खराब करील. ती जाणत्याकडून आधी स्वच्छ करून घ्या. बाकीच्या एकदाच वाचा आणि त्याच बैठकीत नकला करून घ्या. यंत्र नसेल तर मिरजोळ्यास या. सहाशेचाळीस किलोबाइट मोजून होईपर्यंत थांबावे लागेल, चहा आमच्याकडून. मात्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो, तेव्हा मे महिन्यातच या.