आप्पांचा ओलावा

“ह्यात काय हाय ओ? घरात होतंय की!” आप्पांच्या बोलण्यातली निम्मी वाक्यं ही, आणि उरलेली निम्मी “जरा बॅटरी धर, खाली मार” अशी. गल्लीत कुणी नवीन वस्तू आणली की ती आप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या दारानं आत नेतात. पडलीच, तर आप्पा ती उलटी करून तिच्या बुडाकडं बघतात, किंमत विचारतात आणि सांत्वनाला आल्यासारखे गप्प बसतात.

आप्पा निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीतले निवृत्त मुनीम. हयात हिशेबाच्या वहीवर गेली, पण खरी विद्या हवेची. बिडीचा तंबाखू इथं कापून रानातच वाळत घालतात आणि तो हाताळायचा पहाटे, पानावर दव असताना. ऊन चढलं की पान पापडासारखं मोडतं, चुरा होतो, आणि चुऱ्याला भाव नाही. उलट ओल जास्त झाली तर बुरशी धरते. आप्पा मुठीत पान दाबायचे, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकायचे आणि मग वहीत आकडा पडायचा. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले, तेव्हाचं गावाला सगळं आठवतं, भाषणं, बैलगाड्या. आप्पांना आठवते ती मार्चची हवा. “लई कोरडी होती ओ त्या साली. माल नुसता मोडत होता.” एप्रिलमध्ये त्या शेतकऱ्यांवर झालेल्या गोळीबाराचा विषय निघाला की मात्र ते उठून आत जातात.

तर अशा माणसाच्या घरात, संक्रांत सरून हवा कोरडी पडल्यावर, त्यांच्या बायकोच्या, आक्कांच्या, टाचा उलल्या, घसा धरला, सकाळी नाकात खपली. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, ह्युमिडिफायर मागवतो, दोन हजारांना येतो.

“दोन हजाराची वाफ?” आप्पांनी फोन आक्कांकडं दिला आणि थेट फ्रीज उघडला. भाजीचा ट्रे बाहेर आला. भाजी ओट्यावर.

कल्पना सरळ होती. ट्रेत पाणी, पाण्यात टोकं बुडवून उभी टांगलेल्या कापडाच्या पट्ट्या, मागं पंखा. कापड पाणी वर ओढून घेतं, वारा ते उडवून नेतो. पट्ट्या जितक्या जास्त तितकं पाणी लवकर उडणार. पंखा मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधला, बारा व्होल्टचा. तो पाच व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर जोडला तर दमा झालेल्या माणसागत हळू फिरतो, पण फिरतो. पट्ट्यांसाठी आप्पांनी आक्कांची एक जुनी साडी न विचारता फाडली. ती निघाली पॉलिएस्टर. रात्रभर पंखा फिरला आणि सकाळी पाणी होतं तेवढंच. पॉलिएस्टर पाणी पीत नाही हे आप्पांना कळलं, आणि साडी जुनी नव्हती हेही. मग स्वतःचं धोतर फाडलं. सुती धोतर तासाभरात टोकापर्यंत भिजलं. “धोतर म्हंजे धोतर!” आप्पा म्हणाले आणि उरलेला महिना पायजम्यात काढला.

आता मोजमाप. वखारीतल्या पद्धतीनं भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले. एक नुसता, दुसऱ्याच्या फुग्याला ओली वात. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर जास्त खाली उतरतो. कोरडा ३० आणि ओला २० असेल तर आर्द्रता साधारण ४० टक्के. आप्पा दर तासाला वजाबाकी करून वहीत लिहीत. आक्कांनी मोजायला चुरमुरे घेतले. डबा उघडून एक चुरमुरा दाताखाली धरायचा. वाजला तर हवा कोरडी, सादळला तर आप्पांचं यंत्र चालू. दोघांची उत्तरं जुळत. बेळगावकडच्या बाईला चुरमुरे सादळलेले कळायला कोष्टक लागत नाही.

पण यंत्राला एक अट होती. दारं-खिडक्या बंद. “उघडं ठेवून ओलावा करायचा म्हंजे तवंदी घाटाला पाणी पाजणं,” आप्पा म्हणत. मार्च लागला होता. बंद खोलीत ओलावा वाढला तसा घाम वाळेना. आक्कांनी गादी उचलली आणि सोप्यावर जाऊन झोपल्या. ज्यांच्या नाकासाठी हे सगळं, ते नाक बाहेर आणि ओलावा आत. आप्पा एकटेच आत, वही मांडीवर, आकडा ६२ वर गेल्याच्या आनंदात.

पट्ट्यांवर पांढरा थर धरून त्या पत्र्यासारख्या ताठ झाल्या, तेव्हा मला वाटलं, संपलं. पण आप्पांनी तोही गुण ठरवला. “बोरच्या पाण्यातले क्षार हैत ते. विकतचं यंत्र पाणी थरथरवून उडवतंय न्हवं? त्यात हे सगळं पांढरं पावडर होऊन नाकात जातंय. आपल्यात धोतरावरच राहतंय.” हे त्यांचं बोलणं बरोबर आहे, आणि आप्पा बरोबर असले की फार त्रास होतो.

एके सकाळी डासांच्या अळ्या तपासायला आशाताई आल्या. माठ बघितला, ड्रम बघितला, कुंडीखालची बशी बघितली आणि बॅटरीचा झोत यंत्रात मारला.

“आप्पा, ह्यात तर पोरं वळवळायलीत.”

“रोज पाणी घालतोय की ओ ताई, ताजं!”

“घालताय. वततायसा कुठं?”

डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून भांडं आठवड्यातून एकदा तरी रिकामं करून, घासून, कोरडं करायचं. ताईंनी हे सगळं सांगत सांगत ट्रे उचलला आणि अंगणात उपडा केला. आप्पा वहीत काय लिहावं या विचारात.

शेजारची आजी जोत्यावर सूप मांडीत घेऊन बिड्या वळत होती. उन्हाळ्यात तिचं टेंभुर्णीचं पान कातरीखाली तडकतं, म्हणून ती ते भिजवून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. लग्न होऊन आली तेव्हापासून. ती उठून आली. पट्ट्या बोटांनी चाचपल्या, पंख्यापुढं हात धरला.

“पंखा कशाला रं लावलाईस? पान वाळंल की.”

मग तिनं ट्रे तेवढा धुऊन नेला. पान पसरून भिजवायला बरोब्बर मापाचा होता. संध्याकाळी आक्का मेथीची जुडी हातात धरून विचारत होत्या, फ्रीजचा ट्रे कुठाय?

“त्ये आता मागायचं नाही,” आप्पा वही मिटत म्हणाले. “मशीन बिडी इंडस्ट्रीला दिलंय.”