ब्रेक बदलले, नाक वर गेले

जुन्या अमेरिकन मोटारीचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, की गाडी पूर्वीपेक्षा चांगली थांबते. मात्र थांबल्यावर ती पूर्वीसारखी दिसेलच असे नाही. १९६४ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले शेव्हेलच्या मालकांना हा अनुभव हमखास येतो. जॅकवरून उतरवलेली गाडी पुढून दोनेक इंच उंच राहते, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आख्खी मूठ जाईल एवढी फट दिसते, आणि गाडी नाक वर करून उभी असते. दोष ब्रेकचा, हे मालक तिथल्या तिथे ठरवतो. बिल ब्रेकचे आलेले असते.

मुळात ब्रेक बदलण्यात गैर काही नाही. ड्रम ब्रेक उतारावर तापले की ढिले पडतात आणि पाण्यात भिजले की दोन्ही चाके आपापल्या मर्जीने थांबतात. शेव्हेलला पुढे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळू लागले ते १९६७ पासून. अमेरिकन गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर सरसकट आला तोही त्याच वर्षी. त्याआधीच्या गाडीत ब्रेकची एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक जात आणि हाताशी उरत हँडब्रेक आणि पूर्वपुण्याई. तेव्हा हा खर्च शहाणपणाचाच. आता अशी गाडी रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाते आणि दिवसभर तिथे उभी राहते. जिचे आयुष्य उभे राहण्यातच जायचे तिला उत्तम थांबता यावे म्हणून एवढा खटाटोप. पण त्यामुळेच उभ्या गाडीचे रूप हा मालकाच्या दृष्टीने ब्रेकपेक्षाही गंभीर विषय असतो.

उंची डोळ्यांनी मोजण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि तिच्यामुळे बरेच पैसे वाया जातात. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावणे हेही फारसे बरे नाही. अमेरिकेत घरासमोरची गाडी लावायची जागा बहुधा रस्त्याकडे उतरती असते, आणि या मापात टायरही मोजला जातो. डिस्कचा कॅलिपर मावावा म्हणून पुष्कळदा १४ इंची चाके जाऊन १५ इंची येतात. त्यांच्यावरच्या टायरचा व्यास एक इंचाने वाढला, तर गाडी अर्धा इंच वर जाणारच. म्हणून सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि आत कोणालाही न बसवता चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. कामाला हात लावण्याआधीचे माप टिपून ठेवलेले असेल तर फारच उत्तम. ते कोणीही टिपून ठेवलेले नसते.

यानंतर शेजारी येतो आणि सिद्धान्त मांडतो: ओतीव लोखंडाचे ड्रम जड होते, ते गेले, पुढचा भार हलका झाला आणि गाडी वर आली. सिद्धान्त ऐकायला सुरेख आहे. त्याला अडचण आहे ती फक्त स्प्रिंगची. स्प्रिंग आपल्या वर असलेल्या गोष्टींचा भार पेलते: इंजिन, सांगाडा, बॉडी, माणसे. ड्रम, डिस्क, कॅलिपर, हब ही मंडळी चाकाच्या बाजूची; त्यांचे वजन टायरमधून थेट जमिनीवर उतरते. ती जड झाली काय किंवा हलकी झाली काय, स्प्रिंगला त्याचा पत्ताच लागत नाही. ब्रेकचा नवा बूस्टर मात्र बॉडीवर बसतो. त्याचे वजन थोडके, आणि तेही गाडीला खाली दाबणारे.

ब्रेकच्या सामानात संशयाला जागा एकच भाग देतो, तो म्हणजे चाक ज्यावर फिरते तो स्टब एक्सल. डिस्कच्या संचाबरोबर तो बहुधा नवा येतो आणि तो दोन प्रकारचा मिळतो. एकात दांडा कंपनीच्या मूळ जागी असतो, दुसऱ्यात दोन इंच वर, म्हणजे गाडी दोन इंच खाली येते. गाडी उंच करणारा प्रकार या व्यवहारात सहसा नसतो. पण आधीच्या एखाद्या मालकाने खाली आणणारा स्टब लावून ठेवलेला असेल आणि आता मूळ मापाचा बसला, तर गाडी बरोबर दोन इंच वर जाते. कारखान्यातून ती तेवढीच उंच बाहेर पडली होती, हे सांगितल्याने मालकाचे समाधान होत नाही.

बाकी बहुतेक प्रकरणांत आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा मामला असतो. स्टब बदलायचा तर बॉल जॉइंट सुटतात, स्प्रिंग सैल करावी लागते, आणि मग गॅरेजमधले सर्वांत महागडे वाक्य उच्चारले जाते: ‘उघडलेच आहे, तर...’ त्या ‘तर’मधून नवे बुश, नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप येतात. उंची बिघडते ती इथे.

पहिली तपासणी फुकट आहे. जॅकवर चाके लोंबकळत असताना आत ओढली जातात, आणि गाडी खाली टेकली की टायर जमिनीला चिकटून बसल्यामुळे ती पुन्हा बाहेर सरकत नाहीत. गाडी अडकून उंच राहते. ती काही फूट पुढेमागे ढकलावी, बंपर दाबून चारदा हलवावी आणि मगच मोजावी. काही तक्रारी इथेच मिटतात.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा रबरी बुश असतो. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या आर्मच्या बुशमधले रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना धरून असते. आर्म हलला की ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, आर्म खाली लटकत असताना बोल्ट आवळले, तर रबराला तीच आपली स्वस्थ अवस्था वाटते. मग गाडी टेकवली की ओला पंचा पिळावा तसे ते पिळते आणि उलटा जोर लावून गाडीला वर धरते. पुढे लवकर फाटतेही. उपाय असा की गाडीचे वजन चाकांवर असताना हे बोल्ट सैल करावेत, गाडी हलवावी आणि तिथेच पुन्हा आवळावेत. याला एक पाना लागतो आणि पैसा लागत नाही, म्हणून हा उपाय सर्वांत शेवटी केला जातो. पॉलियुरेथेनच्या बुशना हा रोग नाही. ते फक्त करकरतात.

एकच बाजू उंच असेल तर स्प्रिंगची बैठक पाहावी. खालच्या आर्मच्या खोबणीत दोन भोके असतात. स्प्रिंगच्या टोकाने त्यांतले एक झाकायचे आणि दुसरे निदान अर्धे तरी उघडे ठेवायचे, अशी रीत आहे. टोक भलतीकडे चढून बसले, तर स्प्रिंगपाशी झालेली पाव इंचाची चूक चाकापाशी जवळजवळ दुप्पट होते, कारण स्प्रिंग आर्मच्या साधारण मधोमध बसते. दोन्ही बाजू उंच असतील, तर स्प्रिंगचा नंबर ताडून पाहावा. मोठ्या व्ही-८ इंजिनासाठी केलेली स्प्रिंग सहा सिलिंडरच्या गाडीखाली घातली, तर तिला पेलायला पुरेसे ओझेच मिळत नाही.

एवढे होईपर्यंत कोणीतरी स्प्रिंग कापण्याची किंवा गॅसने तापवण्याची सूचना करतोच. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते, त्यामुळे ती सूचना बाद. कापायचेच असेल तर वेटोळ्याचा लहानसा तुकडा, आणि तोही गाडी काही दिवस चालवून नव्या स्प्रिंगा बसू दिल्यावर. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती गॅरेजचे छप्पर आणि कारागिराचा जबडा यांत भेदभाव करत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि साखळी यांवाचून तिला हात लावू नये. क्रायस्लरचे मालक या वेळी बाजूला उभे राहून हसतात. त्यांच्या गाड्यांना १९५७ पासून पुढे टॉर्शन बार आले आणि एक बोल्ट फिरवला की उंची बदलते. आपल्याकडच्या अँबॅसडरलाही पुढे टॉर्शन बारच होते, पण तिच्या उंचीबद्दल टॅक्सीवाल्याने कधी खंत केल्याचे दिसत नाही.

उंची जमली की मगच अलाइनमेंट, कारण उंची बदलली की कॅम्बर आणि टो हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. शेव्हेलमध्ये कॅम्बर आणि कॅस्टर वरच्या आर्मच्या मागे पत्र्याच्या चकत्या घालून-काढून साधतात. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण खाली लटकलेले आणि पूर्ण वळवलेले असताना ताणली जात नाही ना, तेही पाहायचे. राहता राहिले हेडलाइट. गाडी उंच असताना कोणी समजूतदारपणे ते खाली वळवून ठेवले असतील, तर आता ते बंपरपुढचा दहा फूट रस्ता तेवढा लख्ख दाखवतात. दिव्याच्या वरच्या अंगाचा स्क्रू फिरवून ते पुन्हा वर आणावे लागतात.