अण्णांचा भुसा

“पण अण्णा, संडास बसवायचाय कुठे?” प्लंबरने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अण्णांनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली.

चार इंची, म्हणजे 110 मिलिमीटरचा राखाडी पाइप, सहा वाय, दोन डोअर बेंड, क्लॅम्प आणि रबरी रिंगांची एक अख्खी पिशवी. एवढं सामान एका दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पडल्यावर कुठल्याही शहाण्या प्लंबरला दुसरं काय सुचणार?

“संडास नाही. भुसा,” अण्णा म्हणाले. “यातून भुसा जाणार.”

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर घोडबंदर रोडला वळण्यासाठी ट्रकांची रांग लागली होती. एरवी मी त्या रांगेला शिव्या घालतो, त्या क्षणी ती मला फार आवडली.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. काशीमीरा नाक्यावरचे हॉर्न ऐकू येतील इतकी आमची सोसायटी नाक्याजवळ आहे, आणि फ्लॅट घेताना बिल्डरने सांगितलं होतं तितकी लांबही आहे. वारा कुठून वाहतो त्यावर ते अवलंबून. अण्णांनी सगळी नोकरी एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळण्यात घालवली. ते निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिची खोली रिकामी झाली. महिनाभरात तिथलं कपाट बाहेर आणि टेबल सॉ आत. पहिलं काम ठरलेलं होतं: काकूंना एक पाट करून द्यायचा. पाट म्हणजे तरी काय, एक फळी आणि तिच्याखाली दोन पट्ट्या. याला आता तीन वर्षं होतील.

अशा माणसांची एक वेगळीच जात असते. ही माणसं ट्रेकला जात नाहीत, ट्रेकच्या बुटांचा अभ्यास करतात. त्यांच्या घरी कॉफीची तीन यंत्रं असतात आणि पाहुण्याला चहा मिळतो. त्यांना आळशी म्हणावं तर ती पहाटे पाचला उठलेली असतात. त्यांचा दिवस तयारीतच संपतो, आणि खरं सांगायचं तर काम सुरू झालं की त्यांना थोडं उदासच वाटतं. अण्णांना पाट करायचा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांनी सागवानाची फळी कापली, सलग अकरा वेळा शिंकले, आणि शिंकत शिंकत त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी पाहिला आहे. अडचण सापडली होती.

त्यानंतर पाट मागे पडला आणि धूळ पुढे आली. अण्णांनी वाचायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला 1995 साली पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं, अशा यादीत. ही माहिती त्यांनी मला जिन्यात दिली, काकूंना जेवताना दिली आणि दूधवाल्याला पैसे देताना दिली. “दिसते ती धूळ वाईट नाही,” ते सांगत, “ती खाली पडते, झाडून निघते. वाईट ती न दिसणारी. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. दहा मायक्रॉनच्या खालची धूळ तासन्‌तास तरंगते आणि थेट छातीत उतरते.” दूधवाला कॅनमध्ये बघायला लागला.

एकदा त्यांच्याकडे गेलो असताना टेबलावरच्या फळीवर पेन्सिलीची रेघ दिसेना, म्हणून मी सवयीने फुंकर मारली. अण्णा ओरडले. माझ्यावर इतक्या जोरात माझे वडीलही कधी ओरडले नव्हते. “फुंकर नाही! या खोलीत फुंकर नाही! खाली बसलेली धूळ परत हवेत!” दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: फुंकर मारू नये.

इलाज होता सायक्लोन. लाकडाच्या वखारीवर पत्र्याचं उलटं नरसाळं उभं असतं, तेच. भुशाची हवा त्यात कडेने शिरते, गरगर फिरते. जड भुसा भिंतीला जाऊन आपटतो आणि घसरत खालच्या डब्यात पडतो. हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. हे समजावून सांगताना अण्णांनी हातवारे करून पंख्याची साखळी तोडली. काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “म्हणजे उफणणीच की. आमच्याकडे खळ्यावर बाबा करायचे. वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं, दाणे पायाशी, भूस पलीकडे.”

अण्णा गप्प झाले. पटलं होतं, पण इतकं सोपं झालेलं त्यांना आवडलं नव्हतं. “तसं नाही,” म्हणत त्यांनी माझा चहाचा कप ओढला आणि चमच्याने गोल ढवळला. “आता बघ. चहाची पूड जड. ती कडेला जाणार.”

चमचा काढला. चहा फिरत फिरत थांबला. पूड कपाच्या बरोब्बर मधोमध जमली.

त्या कपाकडे आम्ही तिघंही बराच वेळ बघत होतो. काकूंनी कोथिंबिरीची काडी बाजूला टाकली. त्या रात्री अण्णांच्या खोलीतला दिवा एक वाजेपर्यंत होता. सकाळी त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. “तळाशी चहाचा वेग कपाला घासून कमी होतो, म्हणून तळातला प्रवाह आत वळतो आणि पूड मध्ये ओढतो. 1926 साली आइन्स्टाइनने यावर लिहिलंय. आइन्स्टाइनने!” त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला ऑफिसला उशीर झाल्याचं वाईट वाटलं नाही. आपण चुकलो ते आइन्स्टाइनच्या विषयात चुकलो, याचं समाधान काही औरच असतं.

मग प्रयोग सुरू झाले. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला नळी, नळी तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याला, डब्यावर नरसाळं. पहिल्या चाचणीला मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. सगळं झकास चाललं होतं. मूठभर भुसा नळीने गिळला, डब्यात टपटप आवाज आला. अण्णांनी विजयाने खांद्यावरचा पंचा झटकला आणि नळीने पंचाही गिळला. तोंड बंद झालं. आत हवा जायला वाट नाही, मशीन मात्र ओढतंय. धाडकन आवाज झाला आणि तेलाचा डबा चारी बाजूंनी आत चेपला, कुणी मुठीत चुरगळावा तसा. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, सिलिंडरचं काय झालं म्हणून विचारत. अण्णा चेपलेला डबा दिव्याखाली फिरवून बघत होते. “वा,” ते म्हणाले. “सील पक्कं बसलंय.”

नवव्या सायक्लोनपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा काकू थोड्या वैतागल्या. अण्णांनी त्यांना डायसनचं उदाहरण दिलं. त्या इंग्रज गृहस्थाने वखारीवरचा सायक्लोन पाहिला आणि तो झाडण्याच्या मशीनमध्ये घालण्यासाठी 5127 नमुने केले. “पाच हजार एकशे सत्तावीस! माझे आत्ता कुठे नऊ झालेत.”

“म्हणजे अजून 5118 राहिले,” काकू म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

शेवटी दोन हॉर्सपॉवरचा ब्लोअर आला. तो आणायला अण्णा मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर चार खेपा करून आले. तिथल्या अरुंद गल्लीत हातगाडीच्या धक्क्याने त्यांचा चष्मा गेला, पण ब्लोअरच्या भावात अडीचशे रुपये सुटले, हा हिशेब ते अजून सांगतात. आणि त्यानंतर आला तो प्लंबर.

पाइपलाइनचं काम आठ दिवस चाललं. प्लंबर टी लावायला गेला की अण्णा हात धरायचे. “टी नाही, वाय. वाऱ्याला काटकोनात वळवायचं नाही. नाक्यावर कंटेनर काटकोनात वळतो तेव्हा काय होतं? मागे दहिसरपर्यंत तुंबतं. आणि तोच हायवेवरून तिरका सर्व्हिस रोडला उतरला तर कुणाला कळतही नाही.” हे मात्र प्लंबरला एकदम पटलं. तो रोज नाक्यावरूनच यायचा. एका एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड, मध्ये पाइपाचा तुकडा. चार इंची पाइपातून भुसा न साचता जायचा तर वाऱ्याला मिनिटाला सुमारे चार हजार फुटांचा वेग हवा. प्रत्येक मशीनपाशी एक झडप, आणि एका वेळी एकच उघडायची, नाहीतर ओढ वाटली जाते. झडपा सहा होत्या. मशीनं तीन. उरलेल्या तीन झडपांवर अण्णांनी चिठ्ठ्या लावल्या: ‘भविष्य 1’, ‘भविष्य 2’, ‘भविष्य 3’.

जोड कुठे गळतोय हे शोधायला ते उदबत्ती घेऊन पाइपाच्या कडेकडेने फिरत. धूर आत ओढला गेला की तिथे फट. मोलकरणीने हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्या खोलीत चपला काढून जायला लागली. जानेवारीतल्या कोरड्या हवेत पाइपावर वीज साठते, तेव्हा काकू लोणच्याची बरणी काढायला गेल्या आणि कोपराला चटका बसला. मग पाइपाला वेटोळे घालत तांब्याची तार फिरवली आणि अर्थिंगला जोडली. आता ते सगळं प्रकरण भिंतीवर चढलेल्या अजगरासारखं दिसतं, आणि त्या अजगराला मुंजीतल्यासारखं जानवं आहे.

सोसायटीची नोटीस यायचीच होती. आवाजाबद्दल. अण्णांनी उत्तरात नियम लिहिला: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सहा 45. मग फोनवर मोजलेले आकडे. ब्लोअर चालू, खिडकी बंद: 71. ब्लोअर बंद, खिडकी उघडी: 76. ‘सबब, ब्लोअर चालवल्याने इमारतीतील आवाज पाच डेसिबलने कमी होतो,’ असं शेवटचं वाक्य होतं. कमिटीने विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. तो अजून तिथेच आहे.

यंत्रणा पूर्ण झाली. इतकी छान झाली की त्यात काही टाकायला अण्णांना जीव होईना. महिन्यातून एखादा तुकडा कापायचे, ड्रम उघडून बघायचे. आठ महिन्यांत ड्रमाच्या तळाशी भुशाचा जेमतेम दोन बोटं थर. खिडकीच्या पट्टीवर मात्र रोज धूळ. अण्णांनी ती बोटावर घेतली, भिंगाखाली धरली. “ही लाकडाची नाही. करडी आहे. सिमेंट.” 2019 पासून मेट्रोचं काम, शिवाय सतत फिरणारे काँक्रीटचे मिक्सर, डंपर. नाक्यावरची सगळी धूळ त्यांच्या खिडकीतून आत येत होती आणि तिला ओढायला सातवी झडप नव्हती.

एक दिवस हाटकेशकडच्या गाळ्यातले फर्निचरवाले मिस्त्री माझ्या घरी दार दुरुस्त करायला आले होते. अण्णांनी त्यांना कौतुकाने खाली नेलं. मिस्त्री राजस्थानचे सुथार, पिढीजात कसबी. पाइपांवरून नजर फिरवत, झडपांना हात लावत ते सगळीकडे फिरले. मग अदबीने म्हणाले, “बहुत बढिया, साहेब. पर इसमें लकडी किधर डालते हैं?”

अण्णांनी मनावर घेतलं नाही, कारण नेमकं त्याच वेळी मिस्त्री खोकले. तो खोकला अण्णांनी ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन गाळ्यावर. मीही गेलो. पत्र्याखाली चार पोरं एमडीएफला राउटर मारत होती, चक्कीवर पीठ उडावं तशी पिवळसर धूळ उडत होती, आणि नाकाला गमछे. अण्णा दारातच उभे राहिले. इतका भुसा त्यांनी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं धुळीने किती आणि आनंदाने किती, ते मी विचारलं नाही.

नववा सायक्लोन तिथे गेला, जुना ब्लोअर मिळवला, उरलेला पाइप बसवला. चौथ्या दिवशी दुपारी मला ऑफिसात फोन. “भरला! ड्रम भरला! पाच तासांत काठोकाठ!” अण्णा जवळजवळ ओरडत होते. मागून रंध्याचा आवाज येत होता. हल्ली ते रोज तिथेच असतात, ड्रम रिकामा करायला. पोरं अजून गमछा बांधतातच. “आदत है,” मिस्त्री म्हणतात. पण खोकला कमी झालाय असंही म्हणतात, आणि अण्णा ते वहीत लिहून ठेवतात.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा काकूंनी मिस्त्रींना गुपचूप पाटाचं सांगितलं. चाळीस मिनिटांत झाला. सागवानी, कडेला खोबण, खाली दोन पट्ट्या. संध्याकाळी अण्णा घरी आले तर पाट टेबलावर. ते काही बोलले नाहीत. पाट उलटा केला. गुण्या लावला. “अर्धा मिलिमीटर बाहेर आहे,” म्हणाले. मग बोट खोबणीतून फिरवलं. कोपऱ्यात चिमूटभर भुसा राहिला होता. त्यांनी पाट डोळ्यांजवळ नेला, गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

खोलीत एक बारीक सोनेरी ढग तरंगला. दारावरच्या पाटीखाली काकू उभ्या होत्या.

“झडप उघडू का?” त्यांनी विचारलं.