चिरंजीवांचा बँड

फेल्टम, मिडलसेक्स
नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, साताऱ्याच्या मावशींनी तुम्हाला फोन करून "तुमच्या मुलाने नोकरी सोडली आणि तो आता दारूच्या गुत्त्यात गातो" असं सांगितल्याचं वन्संकडून कळलं. यातला पहिला भाग साफ खोटा आहे. नोकरी जागेवर आहे, पगार वेळेवर होतो. दुसरा भाग खरा आहे, पण गुत्ता म्हणजे इथला पब. तिथे म्हाताऱ्या बायका कुत्रं घेऊन येतात, तळलेला मासा आणि वाटाणे खातात आणि नऊ वाजता घरी जातात. आपला बँड नऊ वाजता सुरू होतो. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण मी फोन घेतला की तुमचे चिरंजीव मागून ओरडून दुरुस्त्या सुचवतात. म्हणून हे पत्र, आणि तेही ते तालमीला गेले असताना.

हे खूळ शिरलं कुठून, असं बाबा विचारतील. थोडा दोष वाईचा आहे, थोडा फेल्टमचा. हे घर भाड्याने घेतलं तेव्हा आम्ही शाळा आणि बसचा थांबा एवढंच बघितलं होतं. फ्रेडी मर्क्युरीचं घर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे नंतर कळलं. हा फ्रेडी म्हणजे मूळचा फरुख बलसारा. जन्म झांझिबारचा, शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथेच शाळेतल्या मुलांना जमवून त्याने 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता आणि त्यात तो पियानो वाजवायचा. 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि ते पारशी कुटुंब फेल्टमला येऊन राहिलं. पोराने काही दिवस हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचंही काम केलं. पुढे 1970 मध्ये 'क्वीन' हा बँड झाला, मग सगळं जग झालं आणि 2016 मध्ये त्या घरावर, इथे थोरांच्या घरांवर लावतात ती, निळी पाटी लागली. आता तुमचे चिरंजीव पाचगणीच्या पायथ्याशी, वाईत वाढले, फेल्टमला राहतात आणि हीथ्रोवर नोकरी करतात. एवढे गुण जुळल्यावर पत्रिका काय बघायची? राहता राहिला आवाज.

बरं, एका फ्रेडीवर भागत नाही. त्याच बँडचा गिटारवाला ब्रायन मे हाही फेल्टमचाच. त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली आणि तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. ही गोष्ट कळल्यापासून चिरंजीव आमच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीकडे टक लावून बघत बसतात. ती प्लॅस्टिकची आहे आणि घरमालकाची आहे, हे मी दोनदा सांगितलंय. बाबांना मात्र ब्रायन मे आवडेल. बँडपायी त्याने खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट सोडली होती, ती 2007 मध्ये, साठीला आल्यावर पुरी केली. म्हणजे गाणंबजावणं केलं की शिक्षणाचं वाटोळं होतं असं नाही, फक्त तीस-पस्तीस वर्षं उशीर होतो.

आता आमच्या बँडची माणसं. एकूण पाच. चिरंजीव कीबोर्डवर, आणि कोणी अडवलं नाही तर गळ्यावर. गिटारवाला पोलंडचा, बोलतो कमी आणि वाजवतो छान. बास वाजवणारा हॅरोचा गुजराती औषधविक्रेता, त्याच्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या कायम असतात. त्या प्रेक्षकांना वाटायच्या असतात असं माझं मत आहे. गायिका ठाण्याची, दोन लहान मुलांची आई, आणि पाचांमध्ये खरं गाणं येणारी तीच. ड्रमवाला इंग्रज, धंद्याने प्लंबर. तो दर गाणं ठरल्यापेक्षा वेगात घेऊन जातो, त्यामुळे चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत संपतं आणि लोकांना वाटतं, ध्रुवपद राहिलंच. पण त्याला कोणी काही बोलत नाही. व्हॅन त्याची आहे. ज्याची व्हॅन त्याचा ताल, हा या संगीताचा पहिला नियम.

बँडला नाव अजून नाही. नावात सह्याद्री हवा असं चिरंजीवांचं म्हणणं, आणि ड्रमवाल्याला तो शब्द तीन तुकड्यांतही उच्चारता येत नाही. सध्या पबवाला फळ्यावर "आज रात्री बँड" एवढंच लिहितो.

चिरंजीव वाजवतात कसं, हे आई नक्की विचारतील. खरं सांगते, साथ उत्तम करतात. बाबांच्या भजनी मंडळात पेटीवर बसून जे शिकले ते कुठे गेलेलं नाही. गायिका कुठे श्वास घेणार, कुठे ओळ लांबवणार, हे त्यांना तिच्या आधी कळतं, आणि ती चुकली तर ती चूक मुद्दामच केली होती असं वाटावं इतक्या सफाईने तिच्यामागे जातात. गायिका तर म्हणते, असा साथीदार पैसे देऊन मिळत नाही. (पैसे देऊनही तिला तोच मिळतो, ती गोष्ट वेगळी.) पण साथ करणाऱ्याच्या घरावर निळी पाटी लागत नाही. त्यांना पुढे उभं राहायचंय, माइकची दांडी हातात धरून. आणि गायचंय काय, तर 'बोहेमियन रॅप्सडी'. आई, त्या गाण्याच्या मधल्या भागात आवाजांवर आवाज इतके चढवलेत की खुद्द क्वीनवाले कार्यक्रमात तो भाग टेपवर लावायचे आणि तेवढा वेळ मंचावरून आत जायचे. आमच्याकडे टेपही नाही आणि आत जायला जागाही नाही. मागे थेट स्वच्छतागृह.

आता पैशांचं. मावशींनी "रात्रीत बक्कळ कमावतो" असंही सांगितलंय म्हणे, म्हणून हिशेबच देते. गेल्या महिन्यातल्या सुपारीचे 300 पौंड मिळाले. त्यातून तालमीच्या खोलीचं भाडं 60 गेलं, डिझेलचे 15 गेले. शिवाय लंडनमध्ये धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंडांचा आकार आहे, तो ऑगस्ट 2023 पासून आमच्या भागालाही लागू झाला. त्याचा दिवस मध्यरात्री बदलतो. कार्यक्रम अकराला संपतो, वायरी गुंडाळून, स्पीकर लादून निघेपर्यंत बारा वाजून जातात, म्हणजे एका रात्रीचे दोन दिवस धरून 25 पौंड. वर्षात फक्त नाताळच्या दिवशी हा आकार माफ असतो, आणि नाताळला आम्हाला कोणी बोलवत नाही. उरले 200, माणशी 40. मी गेले नाही तर प्रेक्षकांत एक माणूस कमी पडतो, म्हणून मी जाते, आणि मी जाते म्हणून मुलं सांभाळायला मुलगी बोलवावी लागते. तिचे चार तासांचे 48. अशा रीतीने चिरंजीवांनी त्या रात्री 40 पौंड मिळवले आणि 8 गमावले. परतताना सगळ्यांना भूक लागली म्हणून कबाब खाल्ले, ते यात धरलेले नाहीत.

इथे 1000 पौंडांपर्यंतच्या वरकड कमाईला 2017 पासून कर नाही. आपली कमाई त्यापुढे जाईल या धास्तीने चिरंजीव सगळ्या पावत्या चपलेच्या खोक्यात जपून ठेवतात. ही धास्ती एकदा तरी खरी व्हावी अशी माझी गणपतीला प्रार्थना आहे.

त्यातून कागदपत्रं. आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रा लावायचा तर मांडववाल्याची वायर आणि वीजमंडळाची कृपा एवढं पुरतं. इथे प्रत्येक वायर, प्रत्येक स्पीकर तपासून त्याच्यावर हिरवा कागद चिकटवून घ्यावा लागतो, नाहीतर हॉलवाले दारातच थांबवतात. विमाही लागतो. वादकांच्या संघटनेचं सभासद झालं की तो मिळतो, आणि तो किती असेल? एक कोटी पौंड! म्हणजे आपल्या वाजवण्याने कोणाला इजा झाली, तर तेवढ्यापर्यंतची भरपाई. आमच्या साऱ्या घरात सर्वांत मोठी रक्कम कुठे लिहिलेली असेल तर ती या कागदावर. मी तो कपाटात दागिन्यांपाशी ठेवलाय.

हॅरोच्या बाजूला एका लग्नात वाजवायला गेलो होतो, ते सांगायलाच हवं. मुलगी मराठी, मुलगा गुजराती, हॉल झकास. पण अशा हॉलच्या भिंतीवर कधी कधी एक दिव्यांची पेटी असते: हिरवा, पिवळा, लाल. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ही सोय. आवाज मर्यादेच्या वर गेला आणि काही सेकंद तिथेच राहिला, की मंचावरची वीजच तुटते. बँडवाले बिचारे जपून, पुटपुटल्यासारखं वाजवत होते. मग फर्माइश आली 'झिंगाट'ची. ती येतेच, तिच्याशिवाय मराठी माणसाचं लग्न कायदेशीर होत नाही. आता हे गाणं ज्यातलं, त्या 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन मोठा वाद्यवृंद वापरला होता. आमच्याकडे होता औषधविक्रेता. तरी गाणं रंगलं. गाण्यातही पेटी पिवळ्यावरच होती. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, मुलीच्या मामांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि पेटी लाल होऊन वीज गेली. म्हणजे वाजवण्याने नव्हे, कौतुकाने कार्यक्रम बंद पडला.

ड्रमला वीज लागत नाही. प्लंबर एकटाच वाजवत राहिला. वऱ्हाडाला वाटलं, हा ठरवलेलाच भाग आहे, आणि मुलीच्या काकूंनी त्यावर फुगडी घातली. त्या दिवशी त्याच्या वेगाचं पहिल्यांदा कौतुक झालं.

खरी मजा वीज आल्यावर. बाबा, तुमच्या पेटीवर शिकल्यामुळे तुमच्या मुलाची बोटं अजून काळी दोनमध्येच चालतात. गिटारवाल्याला ती पट्टी सोसत नाही, म्हणून ते बोटं काळी दोनचीच ठेवतात आणि कीबोर्डचं एक बटण दाबून सूर अर्ध्याने चढवून घेतात. वीज गेली की कीबोर्ड हे विसरतो. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा गिटार एका पट्टीत, कीबोर्ड अर्ध्या सुराने खाली, आणि मधे ठाण्याची बाई, धर्मसंकटात. तिने गिटारची बाजू घेतली. घरी येईपर्यंत व्हॅनमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही.

पबवाल्यांचं गणित सोपं असतं. ते विचारतात, माणसं किती आणाल? कारण माणसं पितात, त्यातून बँडचे पैसे निघतात. चिरंजीवांनी मोठ्या तोऱ्यात ओळखीचे सगळे मराठी लोक बोलावले. आलेही सगळे, पोराबाळांसकट, पुढची टेबलं धरून. पबला पाणी मागितलं तर ते फुकट द्यावं लागतं असा इथे कायदा आहे, आणि तो आपल्या लोकांना तोंडपाठ आहे. संत्र्याच्या रसाचे तीन ग्लास, बाकी नळाचं पाणी. एका वहिनींनी पर्समधून चकल्यांचा डबा काढला. मालक काउंटरमागून बघत होता. त्याचा चेहरा दिवाळीचा नव्हता.

त्याच रात्री चिरंजीवांनी स्वतः रचलेलं मराठी गाणं पहिल्यांदा गायलं. कृष्णेच्या घाटावर आहे, वाईकरांना आवडेल. "आता आमचं स्वतःचं गाणं" एवढं म्हणायचा अवकाश, मागचे इंग्रज गिऱ्हाईक एकजात उठले आणि ग्लास भरून आणायला काउंटरवर गेले. तिथे रांग लागली. मालकाने कार्यक्रम संपल्यावर खास येऊन विचारलं, "अशी आणखी दोन-तीन आहेत का?" चिरंजीव अजून त्याच आनंदात आहेत. त्याने का विचारलं ते मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. दोन नवी गाणी लिहून तयार आहेत.

तेव्हा काळजीचं काही नाही. नोकरी सुटणार नाही, कारण बँड पोसायला नोकरी लागते. दारूचं म्हणाल तर परत गाडी चालवायची असल्यामुळे ते सोडा पितात. मुलं मजेत आहेत. धाकट्याच्या खोलीत दोन स्पीकर ठेवलेत, तो त्यांच्यावर अभ्यास करतो.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे. घाटाचं ते गाणं स्पॉटिफायवर चढवलंय. तिथे 2024 पासून असा नियम आहे की वर्षभरात 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर गाण्याला दमडीही मिळत नाही. दुवा वन्संना पाठवलाय. वाईतल्या सगळ्यांना, भजनी मंडळाला, आणि विशेषतः साताऱ्याच्या मावशींना रोज लावायला सांगा. तीस सेकंद चाललं की एकदा ऐकलं असं धरतात. त्यापुढचं ऐकायची सक्ती नाही.

तुमची,
धाकटी सून